पासंग

एकतीस वर्षं मी डुलुथमधले काटे तपासले.
मासळीवाल्यांचे, खाटकांचे,
बंदरावरचा तो अजस्र काटासुद्धा,
ज्यावर ट्रक अख्खा उभा राहायचा.
पितळी वजनांची पेटी घेऊन आत शिरायचे.
दुकानदार हसायचा, कॉफी विचारायचा.
मी म्हणायचे, आधी काटा.

टॉइवोला जाऊन दोन हिवाळे झाले.
त्याच्या बोटीच्या कंपनीकडून एकरकमी चेक आला.
चष्मा पुसून शून्यं दोनदा मोजली
आणि चेक पिठाच्या डब्याखाली सरकवला,
जणू तिथे तो फुगून वर येणार होता.

मग माणसं यायला लागली.

एकाने चाळीस म्हाताऱ्यांना जेवायला बोलावलं.
भाजलेला मासा, लिंबाची फोड,
आणि 'हमी' हा शब्द अकरा वेळा.
मी कागदी रुमालावर रेघा मारत होते.

डेल थॉर्सनेस मात्र घरी आला.
त्याने टॉइवोच्या पेटीला खांदा दिला होता.
कार्डावर नावापुढे चार सोनेरी अक्षरं.
"ही कुठे मिळाली?"
"मिनियापोलिसला, एका हॉटेलात, शनिवार-रविवारी,"
तो मोकळेपणाने म्हणाला. "जेवण झकास होतं."

हेल्मी, माझी बहीण, चिडली.
"आपल्या माणसाची कुणी परीक्षा घेतं का?"

मी घेतली नव्हती, एकदा.
अठ्ठ्याऐंशी साल. हेल्मीच्याच नवऱ्याचं मासळीचं दुकान.
बाहेर उणे तीस, पेटीची कडी गोठलेली.
आर्वोचा काटा काय तपासायचा, म्हणून
न उघडताच चिकटवला मंजुरीचा कागद.
दोन वर्षं प्रत्येक पौंडामागे एक औंस कमी.
आर्वो चोर नव्हता. त्याची स्प्रिंग थकली होती.
मापात पाप होतं, ते माझं.
एक निवृत्त बाई यायच्या दर शुक्रवारी,
अर्धा पौंड मागायच्या,
नाणी हातमोज्यातून काढून मोजायच्या.
त्यांचे किती औंस मी लागते,
तो हिशेब अजून रात्री मांडते.

म्हणून वाचनालयात गेले.
तिथल्या मुलाने सरकारी नोंदवही पडद्यावर उघडून दिली.
डेलच्या नावापुढे दोन तक्रारी.
एक मिटवलेली, पैसे देऊन.
दुसरी वाचली नाही.
(खोटं. वाचली. तीनदा.)

पा कू श्याँगचं ऑफिस टायरच्या दुकानावर,
जिन्याला रबराचा वास.
कॉफी नाही. हसूही नाही.
मी विचारलं, कुठली परीक्षा? किती वर्षं काम?
पैसे कोण देतं तुला, मी की विकणारा?
आणि माझं हित आधी, हे लिहून देशील?
तिने आपल्या फीचा आकडा लिहून कागद माझ्याकडे फिरवला,
खाली सही केली,
भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवून माझ्या मांडीवर ठेवलं.
"क्रमांक यावर आहे. माझ्यावर विसंबू नका,
देणाऱ्या संस्थेला विचारा."
मी शिक्क्यावरून अंगठा फिरवला.
"आणि यंदाचं नूतनीकरण?"
तेव्हा कुठे ती हसली.

खांदा दिला, हे खरंच. ते ऋण वेगळ्या वहीत.
पण पारड्यात कॉफी पडते, कुणाचा भाऊ पडतो,
अंत्यविधीचा काळा कोट पडतो,
आणि आपण म्हणतो, भरलं की वजन!
पासंग किती, ते कुणी काढून बघत नाही.

रविवारी डेल शेजारीच बसला.
प्रार्थनेचं पुस्तक निम्मं माझ्यापुढे धरलं.
आवाज चांगला आहे त्याचा. मीही गायले.
मग तो पुढे वाकला, लेम्पीकडे.
तिचा नवरा मार्चमध्ये गेला.
"उद्या कॉफीला येऊ का?" तो म्हणाला,
अगदी मायेने.

लेम्पी मान डोलावणार, तेवढ्यात
मी तिची बाही ओढली.
सगळा बाक वळून बघायला लागला.
कानात म्हणायचं होतं, पण आवाज मोठाच आला:
आधी काटा.